दुपारी तीनची वाईन

मामांची वाईन डोंगराची नसून मैदानातली आहे, हे प्रयोगशाळेत अठ्ठ्याण्णव पॉइंट सात टक्के खात्रीने सिद्ध झालं. अहवालावर शिक्का बसला, शिक्क्याखाली सही झाली, आणि ती सही मामांच्या सख्ख्या भाच्याची होती.

असं काही झालेलंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. भाचाही दोन महिने तसंच धरून चालला होता, आणि त्याचं चांगलं चाललं होतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, शिवाय त्याला एक प्रशस्तिपत्रही मिळालं होतं. त्याच्याकडे येऊच.

तर भाचा प्रयोगशाळेत वाईन तपासायचा. पिऊन नव्हे. पिऊन तपासणारे लोक वेगळे, त्यांचा पगारही वेगळा आणि चेहराही. भाचा उजेडाने तपासायचा. काम ऐकायला अवघड आणि करायला सोपं होतं. काचेच्या चौकोनी कुपीत चमचाभर वाईन घालायची, कुपी मशीनमध्ये ठेवायची आणि एका बाजूने दिवा सोडायचा. उजेड वाईनमधून जाताना वाईन काही रंग गिळते, काही सोडते. कुठला रंग किती सुटला याचे सातशे आकडे मशीन काढतं. सातशे आकडे माणसाला दाखवले तर माणूस चहा प्यायला निघून जातो, म्हणून पुढचं काम सांख्यिकी करते. ती सातशे आकड्यांचा एक ठिपका करते आणि तो कागदावर नेऊन ठेवते.

दोन वर्षं खपून भाच्याने खात्रीच्या वाईनचे ठिपके जमवले होते. ज्यांच्या वेली त्याने स्वतः जाऊन पाहिल्या होत्या, अशा डोंगरावरच्या लोकांचे ठिपके कागदाच्या डावीकडे पडले, मैदानातल्या लोकांचे उजवीकडे. मध्ये एवढी मोकळी जागा राहिली की तिथे खुर्ची टाकून बसता आलं असतं. अशी स्वच्छ फाळणी त्या खात्यात कुणी पाहिली नव्हती. प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला. बाई सहसा काही लावत नसत. भिंतीवर त्याआधी फक्त आग लागल्यास काय करावे एवढंच होतं.

आता डोंगर काय आणि मैदान काय, वाईन ती वाईन, असं बाहेरच्याला वाटेल. पण डोंगरावरच्या बाटलीवर एक छोटा त्रिकोण छापायचा मान होता. मैदानातल्या बाटलीवर काहीच छापायचं नाही. काही हुशार लोक मैदानातून पिंपं आणून डोंगरात ओतायचे आणि त्रिकोण लावायचे. ते पकडायचे म्हणून हा सगळा दिवाबत्तीचा उद्योग. ज्याचा ठिपका उजवीकडे गेला त्याचा त्रिकोण गेला, आणि त्रिकोणाबरोबर गावातलं नावही.

मामांकडे तो त्रिकोण तीन पिढ्यांचा होता. डोंगराच्या उतारावर घर, घरामागे चौदा ओळी वेली, घराखाली तळघर आणि तळघरात नऊ पिंपं. भाचा तिथेच वाढला. त्याच्या आईवडिलांच्या बदल्या होत राहायच्या, म्हणून शाळेची अकरा वर्षं तो मामांकडे होता. पाढे त्याने पिंपं मोजत पाठ केले, त्यामुळे नऊचा पाढा त्याचा आजही पक्का आहे आणि बाकीचे जेमतेम. अकरा वर्षं मामींनी त्याला रोज डबा दिला. शाळेत कुणी डबा पळवला तर मामी शाळेत यायच्या आणि काही न बोलता वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या. डबा परत मिळायचा.

मामी मूळच्या मैदानातल्या. माहेरी त्यांच्या भावाच्या वेली होत्या. चाळीस वर्षं मामा त्यांना त्यावरून चिडवत आले होते. पाहुणे जेवायला बसले की मामा म्हणायचे, पाणी हवं की हिच्या माहेरची वाईन हवी, चवीत फरक नाही. मामी म्हणायच्या, फरक आहे, माझ्या भावाची वाईन प्यायल्यावर माणूस एवढा बोलत नाही. हा विनोद वर्षातून साधारण साठ वेळा व्हायचा आणि साठही वेळा दोघे हसायचे.

दरवर्षी डोंगरावरून सगळ्यांचे नमुने एका गाडीतून खाली यायचे. दूध घेऊन पहाटे निघणारी तीच गाडी. नऊच्या सुमाराला ती प्रयोगशाळेच्या दाराशी लागायची. मैदानाची गाडी बारा ठिकाणी थांबत, जिथे थांबेल तिथे गप्पा मारत, जेवणानंतर उगवायची. हे वेळापत्रक फाटकावर रंगवलेलं होतं. हे लक्षात ठेवा. भाच्याने ठेवलं नाही.

त्या वर्षी मामांनी बाटली गाडीबरोबर पाठवली नाही. स्वतः आले. लग्नाकार्यात घालायचा कोट घालून, बाटली मांडीवर धरून, बसने. आदल्या वर्षी ऐन तोडणीच्या वेळी त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि ते पाच आठवडे दवाखान्यात होते. त्यानंतरचा हा त्यांचा पहिला प्रवास. भाचा काम करताना कसा दिसतो ते पाहायचंय, असं ते म्हणाले. दहा वाजता येऊन ते बाहेरच्या बाकावर बसले आणि जो जाईल त्याला आतलं दार दाखवून सांगू लागले, तो माझा भाचा. झाडूवाल्यालाही सांगितलं. झाडूवाला म्हणाला, माहितीये, तो चपला पुसत नाही.

साडेअकराला मामांच्या बाटलीचा नंबर आला. रजिस्टरमध्ये नात्याचा एक रकाना होता. त्यात भाच्याने ठळक अक्षरांत 'मामा' लिहिलं. नमुना नातेवाइकाचा असेल तर दुसऱ्या कर्मचाऱ्याने तपासावा असा नियम होता, पण दुसरा कर्मचारी पाण्याचे नमुने तपासायचा आणि वाईनच्या मशीनला हात लावायला घाबरायचा. बाईंनी रकाना वाचला, भाच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तूच कर, आकड्यांना मामा नसतो. भाच्याला ते वाक्य फार आवडलं.

त्याने कुपी हातात घेतली आणि तेवढ्यात मामा दारातून आत डोकावले.

"आधी जेव. मामीने दोन टॉवेल गुंडाळलेत डब्याला. गार झालं तर मलाच विचारेल."

भाच्याने कुपी खाली ठेवली. दोघे मागच्या अंगणात बसले. डब्यात भाजलेले बटाटे होते, अंडी होती, आणि तळाला कागदात बांधून एक गोड वडी, कारण मामींच्या हिशेबात भाचा अजून नऊ वर्षांचा होता. मामा बोलत राहिले. ऑपरेशनबद्दल थोडं आणि मामींबद्दल खूप. ते दवाखान्यात पडले असताना तिने एकटीने तोडणी केली, एकटीने रस काढला, नऊ पिंपं एकटीने भरली, आणि त्यांना भेटायला यायची तेव्हा पदराला द्राक्षांचे डाग असायचे. नर्सला वाटायचं रक्त आहे. मामा हे सांगताना वर आकाशाकडे बघत होते, खाली बघितलं तर भाच्याला डोळे दिसतील म्हणून. जेवण अडीच तास चाललं. मग मामांना मशीन बघायचं होतं, मग बाईंना भेटायचं होतं, मग पाणी तपासणाऱ्या त्या पाणीवाल्यालाही. बाटलीतली वाईन मशीनमध्ये गेली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

ठिपका उजवीकडे पडला.

काठावर वगैरे नाही. मैदानातल्या गर्दीत, अगदी मधोमध, जणू तिथेच जन्मला होता.

भाचा पडद्याकडे बघत बसला. दाराबाहेर बाकावर मामा बाटलीचं बूच हातात खेळवत होते. आता खरं सांगायचं तर हीच वाईन दुसऱ्या कुणाची असती तर भाच्याने ती पुन्हा लावून पाहिली असती. शंका आली की पुन्हा लावायची, असं मशीनच्या पुस्तकातच होतं. पण मामांची आहे म्हणून दोनदा लावली, असं कुणी म्हणायला नको. भाच्याला वाटलं, आपण परीक्षेत आहोत, आणि त्याला परीक्षेत कायम वाटायचं तसं हेही वाटलं, की सगळे आपल्याकडेच बघताहेत. त्याने पुन्हा लावली नाही. छापलं, सही केली, शिक्का मारला, आणि छाती थोडी पुढे आली.

बाहेर जाऊन मामांना मात्र त्याने एवढंच सांगितलं, की अहवाल पोस्टाने येतो. मामा उठले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, डबा राहू दे, येशील तेव्हा आण.

अहवाल पोहोचला त्या दिवशी मामांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "मशीन चुकतं का रे?"

"नाही, मामा."

"बरं," मामा म्हणाले, आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी वार्षिक समारंभात मोठे साहेब आले. त्यांनी भाषणात ही गोष्ट सांगितली: मामाच्या घरात वाढलेला मुलगा, आणि मामाचाच त्रिकोण काढून घेताना ज्याचा हात थरथरला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई रुमाल शोधू लागल्या. भाच्याला सचोटीबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं, ते प्रयोगशाळेच्या बाईंनी मशीनच्या मागे, ठिपक्यांच्या फ्रेमशेजारी लावलं. आता भिंतीवर तीन गोष्टी झाल्या. त्या दिवसापासून पाणीवाला त्याला 'प्रामाणिक' म्हणू लागला. काय प्रामाणिक, चहा घेणार का? प्रामाणिक, तुमच्यासाठी फोन आहे.

तो फोन मामींचा होता. घरच्या फोनवर भाचा सापडत नव्हता. सापडत नव्हता म्हणजे उचलत नव्हता.

मामींनी आधी त्याच्या खोकल्याची चौकशी केली. मग जे सांगितलं ते असं. मामांनी अहवाल मानला. मशीनवर रागावले नाहीत, भाच्यावर तर नाहीच. शिकलेला मुलगा आहे, खोटी सही करणार नाही, असं म्हणाले. मग बसून मागे मागे आठवत गेले. दरवर्षी वाईन त्यांनी स्वतः केली होती. फक्त गेल्या वर्षी, ते दवाखान्यात असताना, तळघरात दुसरं माणूस होतं. त्या माणसाचं माहेर मैदानात होतं, आणि माहेरी वाईनची पिंपं होती. मामांनी एकदाच विचारलं, भावाकडून आणून पिंपं भरलीस का, खरं सांग, मी काही म्हणणार नाही. मामी म्हणाल्या, नाही. मामा म्हणाले, अठ्ठ्याण्णव पॉइंट सात. त्यानंतर त्यांनी तळघराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. आता ते आधी जेवतात आणि मामी नंतर. मामी शिवणाच्या खोलीत झोपतात. माहेरच्या वाईनचा विनोद दोन महिन्यांत एकदाही झालेला नाही.

हे सगळं मामींनी भाजीचे भाव सांगावेत अशा आवाजात सांगितलं. मग विचारलं, "तुझं मशीन किती टक्के म्हणालं?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट सात."

"म्हणजे एक पॉइंट तीन उरले."

"हो, पण मामी—"

"मी त्यात आहे," मामी म्हणाल्या. "बघ सापडते का."

भाच्याला राग आला. आपल्या मशीनवर शंका घेतली म्हणून तर आलाच, पण ही शंका आपल्याला आधी यायला हवी होती असं आत कुठेतरी वाटलं, त्याचाही आला. उरलेली अर्धी बाटली थंड कपाटात सील करून ठेवलेली होती. एकदाची पुन्हा लावू, तोच आकडा येईल, तो मामींना सांगू आणि विषय मिटवू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामामुळे डोंगराची गाडी आली नाही. मशीन रिकामं होतं. साडेनऊला त्याने मामांची वाईन कुपीत घातली.

ठिपका डावीकडे पडला. डोंगर, सत्त्याण्णव पॉइंट नऊ टक्के.

भाच्याने कुपी धुतली, पुन्हा भरली. डोंगर. तिसऱ्यांदा. डोंगर. मग तो जेवायला गेला. जेवला नाही, नुसता बसून आला. तीन वाजता चौथ्यांदा लावली. मैदान.

मग त्याने टेबलावरचा आपला चहा कुपीत ओतला. चहा मैदानातला निघाला, ब्याण्णव टक्के. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वीसला त्याने ताजा चहा लावला. तो डोंगरावरचा होता. शिक्क्याची लाल शाई पाण्यात मिसळून लावली. सकाळची शाई डोंगराची, दुपारची मैदानाची. पाणीवाल्याकडून नळाचं पाणी आणलं, तेही तसंच. शेवटी त्याने धुऊन कोरडी केलेली रिकामी कुपी ठेवली. त्या कुपीतली हवा सकाळी अस्सल डोंगराची होती आणि तीन वाजता तिच्यात मैदानातून आणलेली भेसळ सापडली.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. कारण त्याला ठाऊकच होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. मशीनच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की दिवा दोन तास तापू द्यावा, आणि मगही प्रत्येक नमुन्याआधी एकदा कोरी कुपी लावून आजचा उजेड किती आहे ते मशीनला सांगावं. कोरी कुपी लावायला बारा मिनिटं लागायची. दिवसाला वीस नमुने. भाचा नऊला यायचा, दिवा लावायचा, सव्वानऊला एकदा कोरी कुपी लावायचा आणि दिवस काढायचा. दुपारपर्यंत दिवा तापून त्याचा उजेड जरासा बदलायचा, डोळ्याला कळणार नाही एवढा. पण मशीनला डोळे नव्हते, आकडे होते. डोंगराची गाडी सकाळी, मैदानाची दुपारी, ठिपके जमवायची ती दोन्ही वर्षं, एक दिवस न चुकता. ठिपक्यावरून डोंगर की मैदान ते ठरवणारं मॉडेल तपासून पाहायला ठेवलेले नमुनेही त्याच गाड्यांतून आले होते, म्हणून तपासणीत मॉडेल शंभरपैकी शंभर वेळा बरोबर निघालं होतं. त्या मशीनला वाईनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते फक्त किती वाजले ते सांगत होतं. घड्याळ भाच्याच्या मनगटावर होतंच. आणि 'यांपैकी काहीच नाही' असं म्हणायची सोय भाच्याने त्याला ठेवली नव्हती, कारण तेव्हा त्याला ती भित्रेपणाची वाटली होती.

त्याने रजिस्टर काढलं. मॉडेल वापरायला लागल्यापासूनच्या दोन वर्षांत डोंगरावरचे अकरा जण खोटे ठरले होते. त्यांतल्या आठांचे नमुने एकाच दिवशी तपासले होते. त्या दिवशी डोंगराची गाडी पंक्चर होऊन दुपारी आली होती. दोघांनी नमुना पोस्टाने पाठवला होता, पोस्टमन चारला येतो. अकरावे मामा. शिवाय मैदानातल्या एकाला भाच्याने स्वतः डोंगराचं प्रमाणपत्र दिलं होतं. तो माणूस पहाटे उठणारा होता.

भाच्याने उठून प्रशस्तिपत्राची फ्रेम भिंतीकडे तोंड करून लावली. मग कुणी विचारेल म्हणून सरळ केली. मग पुन्हा उलटी केली. पाणीवाला आत आला, त्याने पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला प्रामाणिक म्हणाला नाही. हे जास्त वाईट होतं.

बाईंना त्याने सगळं सांगितलं. चहाचा ठिपका, शाईचा ठिपका, रिकाम्या कुपीचा ठिपका, सगळे छापून पुढे ठेवले. बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा लावला. बाई वाईट नव्हत्या. त्यांना निवृत्तीला सात महिने उरले होते, एवढंच. त्यांनी समजावून सांगितलं, की अहवालाविरुद्ध तक्रार वाईन बनवणाऱ्याने तीस दिवसांत करायची असते. एकानेही केलेली नाही, कारण सगळ्यांनी मशीनवर विश्वास ठेवला. तीस दिवस उलटून गेलेत. आणि प्रयोगशाळा स्वतःविरुद्ध तक्रार करू शकत नाही.

"कागद बाहेरून आला तर त्याला फाइल असते," त्या म्हणाल्या. "आतून आलेला ठेवू कुठे?"

उद्यापासून दर नमुन्याआधी कोरी कुपी लाव, असं त्यांनी सांगितलं. झालेल्या अहवालांबद्दल वर विचारते, असंही म्हणाल्या. वर म्हणजे मोठे साहेब. भाषण त्यांनीच केलं होतं. आता ही गोष्ट ते सगळीकडे सांगत होते आणि रुमालवाल्या बाई जिथे तिथे सापडत होत्या.

रविवारी भाचा डोंगर चढला. हातात मामींचा डबा होता. दोन महिने तो टेबलाच्या खणात पडून होता, त्याने तो तीनदा घासला होता. घरात शिरल्यावर आधी त्याला मामांच्या गळ्यातली किल्ली दिसली. मामा खिडकीशी बसले होते, मामी दुसऱ्या टोकाला भांडी पुसत होत्या. दोघांच्या मध्ये जेवणाचं टेबल होतं आणि त्यावर एकाच माणसाचं ताट.

भाच्याने उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. दिवा, बारा मिनिटं, कोरी कुपी, दोन गाड्या. ज्या वाक्यात स्वतःचा आळस येणार ते वाक्य तो दोनदा टाळून पुढे गेला आणि दोनदा मागे येऊन म्हणाला. साडेअकराला कुपी हातात होती, तेव्हाच, सकाळच्या बाकीच्या नमुन्यांबरोबर, लावली असती तर डोंगर आलं असतं, हेही सांगितलं. मामा पूर्ण ऐकून घेत होते. मग त्यांनी मान हलवली, भाच्याच्या कौतुकाने हलवायचे तशीच.

"मामीचा लाडका तू," ते म्हणाले. "तिच्यासाठी खोटं बोलायला आलास. मला राग नाही."

"मामा, मी खोटं बोलत नाहीये."

"माझ्यासाठी बोलला नाहीस. म्हणून तर त्या कागदावर माझा विश्वास आहे."

आयुष्यात भाच्याने एकदाच सचोटी दाखवली होती आणि ती आता दारात आडवी पडली होती. त्याने सांगितलं की हवाही मैदानातली निघाली, चहाही निघाला, शाईही. मामांनी हात वर करून त्याला थांबवलं. तोंडी नको, ते म्हणाले. ते कागदावर आलं होतं, हेही कागदावर येऊ दे. शिक्का असला की मानतो. लगेच मानतो. किल्ली गळ्यातून काढतो. असं म्हणताना त्यांनी मामींकडे पाहिलं, आणि भाच्याला कळलं, की म्हाताऱ्याला मानायचं होतं, अगदी जिवापासून मानायचं होतं. पण भाच्यानेच त्यांना शिकवलं होतं, की माणसाच्या जिभेपेक्षा शिक्का खरा.

मामी इतका वेळ एकच बशी पुसत होत्या. त्यांनी ती खाली ठेवली.

"म्हणजे जेवायला थांबलात, म्हणून उशीर झाला," त्या म्हणाल्या.

"हो, मामी."

"मी डबा दिला नसता, तर मी चोर ठरले नसते."

भाच्याने टक्केवारी शोधली. नव्हती.

"हो," तो म्हणाला.

मामींनी त्याच्या हातातून डबा घेतला. झाकण उघडून आत पाहिलं, जणू आत काहीतरी राहिलं असेल. मग तो फडक्याने पुसला, जरी कोरडा होता, आणि वरच्या फळीवर ठेवला. त्या रागावल्या नाहीत. वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या तशाही उभ्या राहिल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, शेवटची बस साडेचारची आहे, निघ.

त्या घरातून भाचा आजवर कधी रिकाम्या हाताने निघाला नव्हता. परीक्षेला गेला, वसतिगृहात गेला, नोकरीला गेला, एकदा तर रुसून गेला, तेव्हाही फाटकापर्यंत पोहोचायच्या आत मामी मागून डबा घेऊन आल्या होत्या. तो फाटकाशी थांबला. चपलेचा पट्टा सरळच होता, तरी वाकून सरळ केला. मागून कुणी आलं नाही. बसमध्ये बसल्यावर हातांचं काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून त्याने ते मांडीवर ठेवले, मामांनी बाटली धरली होती तसे, मध्ये जागा सोडून.

सोमवारी नऊला त्याने दिवा लावला आणि अकरापर्यंत तापू दिला. त्या दोन तासांत त्याने कागद घेतला, समास सोडला आणि लिहिलं:

प्रति, मा. प्रमुख, प्रयोगशाळा.

विषय: दुपारचे जेवण रद्द करणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, नमुना तपासणीच्या दिवशी सकाळी साडेअकरा ते दुपारी तीन या वेळेत अर्जदार व त्याचे मामा यांनी मागील अंगणात घेतलेले भोजन झालेच नाही, असे कार्यालयीन नोंदीत समजण्यात यावे. नमुना साडेअकरालाच तपासला गेला, असे मानून त्याचा ठिपका डावीकडे नेण्यात यावा. तसेच उर्वरित दहा जणांचे ठिपकेही त्यांच्या त्यांच्या घरी पोहोचविण्यात यावेत. सदर भोजन तयार करणाऱ्या व्यक्तीस गेले चौसष्ट दिवस चोर समजण्यात आले असून, ते चौसष्ट दिवस तिला मूळ स्थितीत, एका टेबलावरील दोन ताटांसह, परत करण्यात यावेत, व तसे तिच्या पतीस ठळक शिक्क्यानिशी कळविण्यात यावे. अर्जासोबत सचोटीचे प्रशस्तिपत्र (एक) परत करीत आहे. हा अर्ज आतून आलेला असला, तरी तो बाहेरून आला आहे असे धरून त्यास फाइल देण्यात यावी, ही विनंती.